हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात मला बँकेत जाऊन मी जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. निवृत्त शिक्षिका आहे. पेन्शन चालू राहायची तर यादीत आपलं नाव शोधायचं आणि पुढच्या चौकोनात सही ठोकायची. काउंटरपलीकडची मुलगी एकदा माझ्याकडे बघते, एकदा सहीकडे, आणि मला आणखी वर्षभर जगायची परवानगी मिळते. यंदा हे काम उरकून साताऱ्यातल्या घरी आले तर भाचा येऊन बसलेला. हिंजवडीला नोकरी करतो. मी टेबलावर ठेवलेला फोन त्यानं चिमटीत धरून उचलला, झुरळ उचलावं तसा, आणि म्हणाला, "मावशी, हा प्लॅटफॉर्म मेलाय गं. केव्हाच मेलाय. तू अजून काय करतेस याच्यावर?"

तासाभरापूर्वी स्वतःच्या हयातीची सही करून आलेल्या बाईला हे विचारायला नको होतं.

त्या दिवशी मी वाद घातला नाही. पोरगं चार तासांसाठी आलेलं, त्याला कंदी पेढे घेऊन परत निघायचं होतं. पण त्याचं म्हणणं त्याच्या एकट्याचं नाही. भिशीतल्या मैत्रिणी, सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतला तरणा अधिकारी, सगळे तेच चार-पाच मुद्दे थोड्याफार फरकानं मांडतात आणि मांडताना चेहऱ्यावर तीच दया असते. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं आहे. कुणी विधान केलं की 'सिद्ध कर' म्हणायची खोड जात नाही. तर हे माझं उत्तर, सविस्तर.

आधी पक्ष काय आहे ते सांगते. माझा फोन नोकिया लुमिया ७३०. २०१४च्या ऑक्टोबरात तो भारतात आला तेव्हा किंमत १५,२९९ रुपये होती. मी दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात घेतला. दोन सिमची सोय, ४.७ इंचाचा पडदा, वजन जेमतेम १३० ग्रॅम, आणि पाठीमागचं कव्हर नखानं उघडून बॅटरी बदलता येते. आत विंडोज फोन ८.१ ही प्रणाली. सिमची एक जागा भरलेली, दुसरी रिकामी. घरी वायफाय, बाहेर टूजी. यावर मी बोलते, एसएमएस करते, भिशीचा हिशेब त्यातल्याच एक्सेलमध्ये ठेवते, गजर लावते, आकाशवाणी ऐकते, कास पठारावरच्या फुलांचे फोटो काढते. अकरा वर्षं झाली.

आता 'मेला' या शब्दाकडे वळू. मेला असेल तर तारीख सांगा. मायक्रोसॉफ्टनं ८.१च्या दुरुस्त्या ११ जुलै २०१७ला थांबवल्या. त्याचं दुकान, म्हणजे ॲप उतरवून घ्यायची जागा, १६ डिसेंबर २०१९ला बंद झालं. व्हॉट्सॲपनं ३१ डिसेंबर २०१९ला विंडोज फोनमधून अंग काढून घेतलं. या तीन तारखांपैकी मृत्यूची कुठली? भाचा पहिली धरतो. पण १२ जुलै २०१७च्या सकाळी साडेपाचला गजर झाला, मी उठले, शाळेत गेले. कंपनीनं दुरुस्ती थांबवली, कंपनीनं विक्री थांबवली आणि वस्तूनं काम थांबवलं, ही तीन वेगळी विधानं आहेत. पहिल्यातून तिसरं निघत नाही. आठवीच्या पोरानं पेपरात अशी उडी मारली असती तर मी लाल शाईनं 'कारण?' लिहिलं असतं.

बंद पडणं म्हणजे काय, हे पाहायचं असेल तर चेन्नईजवळच्या श्रीपेरुम्बुदूरला बघा. नोकियाचा तिथला कारखाना २००६मध्ये सुरू झाला आणि १ नोव्हेंबर २०१४ला बंद झाला, म्हणजे मी फोन घेतला त्याच महिन्यात. करांचा वाद चालू होता म्हणून मायक्रोसॉफ्टनं नोकियाचा फोन-धंदा ७.२ अब्ज डॉलरना विकत घेताना तो कारखाना घेतलाच नाही. हजारोंच्या हातचं काम गेलं. पुढच्याच वर्षी, जुलै २०१५मध्ये, त्याच खरेदीपोटी मायक्रोसॉफ्टनं ७.६ अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकले आणि ७,८०० जणांना घरी पाठवायचं ठरवलं. घेतला त्या किमतीपेक्षा बुडवला जास्त. ही बंद पडण्याची खरी गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी मला वाईट वाटतं. पण 'तुझाही फोन मेला, टाकून दे' म्हणणाऱ्यांना या कारखान्याचं नावही माहीत नसतं. शोक करायचा तिथे कोरडे आणि फोन हातात चालू असताना मयतीला आलेले.

पुढचा मुद्दा बाजाराचा. "लोकांनी नाकारला म्हणजे वाईटच असणार ना मावशी?" विंडोज फोनचा जगभरातला वाटा कधी दोन आकड्यांत गेला नाही, हे खरं. मात्र नाकारलं कुणी, हे जरा उलगडून बघा. या प्रणालीवर ॲप कमी म्हणून लोक येत नव्हते, आणि लोक कमी म्हणून ॲप बनवणारे येत नव्हते. गूगलनं तर तिच्यासाठी ॲप करायचं जवळपास टाळलंच. २०१३च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं स्वतःच यूट्यूबचं ॲप करून दिलं, तेव्हा गूगलनं ते काढायला लावलं. ऑगस्टमध्ये सुधारून पुन्हा आणलं, पुन्हा अडवलं. मायक्रोसॉफ्ट काही गरीब गाय नव्हे. आपल्या भरभराटीच्या दिवसांत तिनं इतरांशी याहून वाईट वागून घेतलं होतं. पण या साऱ्यात माझ्या फोनवर फोटो नीट येतो का, हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. दोन सावकारांच्या भांडणात गहाण पडलेल्या शेताला नापीक म्हणण्यासारखं आहे हे. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनीच २०२३मध्ये एका मुलाखतीत कबूल केलं की, फोनच्या धंद्यातून बाहेर पडण्याऐवजी तो चालवायचे काही मार्ग कदाचित निघाले असते. दाखल्यावर ज्यांची सही, त्यांनाच नंतर शंका आली. माझ्या भाच्याला मात्र नाही.

काहीजण वेगळं बोलतात. त्यांना वाटतं मी भक्त आहे. जुन्या नोकियाची, त्या सरकत्या रंगीत चौकोनांची, मायक्रोसॉफ्टची. असं वाटणाऱ्यांनी या कंपनीचा इतिहास पाहावा. लुमिया ९०० अमेरिकेत विकायला आला एप्रिल २०१२मध्ये, आणि जूनमध्ये कंपनीनं जाहीर केलं की, नवी विंडोज फोन ८ प्रणाली जुन्या एकाही फोनवर चढणार नाही. अडीच महिन्यांपूर्वी घेतलेला फोन एका दुपारीत म्हातारा झाला. मग मार्च २०१६. विंडोज १० कुठल्या फोनना मिळणार याची यादी आली, आणि त्यात लुमिया ५२० नव्हता. सगळ्या विंडोज फोनमध्ये सर्वांत जास्त विकलेला, आपल्याकडे कॉलेजच्या पोरांनी साठवलेल्या पैशांतून घेतलेला तोच फोन. स्मरणशक्ती कमी पडते म्हणे. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ला जो बेल्फिओर या तिथल्याच मोठ्या अधिकाऱ्यानं ट्विटरवर सांगून टाकलं की, आता नवी वैशिष्ट्यंही नाहीत आणि नवे फोनही नाहीत. पाच वर्षांत तीनदा पाठ फिरवली. अशा कंपनीची भक्ती कुणी करत असेल तर तो संत आहे, मी नाही. माझा फोन विंडोज १०च्या यादीत होता, तरी मी तो चढवला नाही. जे चालतं ते चालू द्यावं, हा माझा हट्ट. जे जे कंपनीच्या हाकेला धावले ते प्रत्येक वेळी नव्या खर्चात पडले. मी जागची हलले नाही, इतकंच.

आता ज्या मुद्द्यावर माझे विरोधक खरोखर बलवान आहेत, त्याला भिडते. सुरक्षितता. "दुरुस्त्या येत नाहीत म्हणजे भोकं बुजत नाहीत. कुणीही शिरेल." यात तथ्य आहे आणि मी ते नाकारत नाही. ८.१मधला ब्राउझर जुना झाला आहे. कितीतरी साइट त्यात उघडत नाहीत, उघडल्या तर अर्धवट. अनोळखी दुव्यावर तिथून जाणं म्हणजे रात्री दार उघडं टाकून झोपणं. टूजीवरच्या बोलण्याची कुलुपंही जुन्या घडणीची आहेत. म्हणून मी त्या ब्राउझरमधून बँकेत जात नाही, कुठेच पासवर्ड टाकत नाही. फोनमध्ये चोरण्यासारखं काय आहे? भिशीच्या बारा बायकांची नावं आणि कासचा पिवळा पट्टा.

पण धोका मोजायचा तर दोन्ही पारड्यांत मोजा. आपल्याकडे आज माणसं लुटली जातात ती कशी? लग्नपत्रिकेच्या किंवा वाहनाच्या दंडाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, माणूस ती दाबतो, फाइल अँड्रॉइडमध्ये बसते आणि एसएमएस वाचायची परवानगी मागून घेते. बँकेचा ओटीपी आला की तो आपल्याआधी चोराला कळतो. माझ्या फोनवर ती फाइल उघडतच नाही. शिवाय विंडोज फोन ८.१ बाहेरच्या सर्वसाधारण ॲपला एसएमएस वाचूच देत नव्हतं, तशी सोयच ठेवली नव्हती. त्या काळी लोक याला मागासपणा म्हणत. दुकान बंद असल्यानं नवं काही आत येण्याची वाटही नाही. दुसरा प्रकार 'डिजिटल अरेस्ट'चा. खोटा पोलिस व्हिडिओ कॉलवर येतो, सुशिक्षित माणसाला दिवसदिवस घरात कोंडतो आणि खाती रिकामी करून घेतो. ऑक्टोबर २०२४मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये त्यावर बोलावं लागलं. त्यात लुटल्या गेलेल्यांचे फोन ताज्या दुरुस्त्या घेतलेले नव्हते का? बहुतेकांचे असणार. चोर कानातून शिरला, आणि कानासाठी अजून कुणी दुरुस्ती काढलेली नाही. मला असले व्हिडिओ कॉल येत नाहीत, कारण ते यायची सोय माझ्याकडे नाही.

माझा फोन तुमच्यापेक्षा सुरक्षित आहे असा दावा मी करत नाही. मला त्याचे धोके ठाऊक आहेत आणि मी त्याप्रमाणे वागते, इतकाच दावा आहे. 'जुना म्हणून असुरक्षित' हे विधान खरं असलं, तरी 'नवा म्हणून सुरक्षित' हा त्याचा व्यत्यास तुम्ही गुपचूप खिशात घातला आहे. तो काढून परत ठेवा.

आता सोसायटीच्या सेक्रेटरींचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त लागला. ते म्हणाले, "बाई, तुमच्या हट्टाचा भार बाकीच्यांवर पडतो." पाण्याची वेळ बदलली की ते ग्रुपवर टाकतात, आणि मला मात्र कुणीतरी वेगळं सांगावं लागतं. शिवाय आमच्या ह्यांच्याकडे अँड्रॉइड फोन आहे. नाकारलेली चैन मी मागच्या दारानं भोगते, असा त्यांचा एकूण सूर.

खरं असेल तर मोजता येईल, म्हणून मी मोजलं. सबंध ऑक्टोबर महिना वहीत लिहून काढला. ह्यांचा फोन मी अकरा वेळा मागितला. त्यात सहा वेळा नातेवाइकांनी पाठवलेले व्हिडिओ बघायला, ज्यांतले चार बाळाचे. दोनदा पैसे पाठवायला. एकदा पार्सलवाल्याला दारात कोड दाखवायला. एकदा सोसायटीची सूचना वाचायला. आणि एकदा माझा फोन कुठे ठेवला ते शोधायला त्यावर रिंग द्यायला. ह्यांनी माझा फोन चार वेळा नेला. त्यांच्या नव्या फोनला हेडफोनचं भोकच नाही आणि रेडिओही नाही, म्हणून सामन्याचं समालोचन ऐकायला. अकरा विरुद्ध चार. हिशेब माझ्या विरुद्ध जातो, हे मान्य. पण अकरांतली सहा कौतुकं वजा केली तर उरतात पाच, आणि पाचांपैकी चार वेळा अडचण माझ्या फोनमुळे आली की समोरच्यानं एकच दार उघडं ठेवल्यामुळे, हा खरा वाद आहे.

सेक्रेटरी आधी जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं लिहीत. फळा अजून आहे. त्यावर आता एका कोचिंग क्लासची जाहिरात चिकटवलेली असते. पाण्याची वेळ तिथे लिहायला अर्धं मिनिट लागतं, आणि फळा पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनाही वाचता येतो, ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. भार टाकला कुणी? फळा पुसणाऱ्यानं की वाचणारीनं?

पैशांचंही तसंच. भीम हे ॲप ३० डिसेंबर २०१६ला आलं ते अँड्रॉइडवर, मग आयफोनवर. विंडोज फोनवर कधीच नाही. म्हणून सगळे समजतात की माझ्यासारखीला दरवाजा बंद. तसं नाही. *९९# लावा, कुठल्याही साध्या फोनवर मेनू येतो, आकडे दाबत जायचं, पैसे जातात. मार्च २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेनं बटणवाल्या फोनसाठी यूपीआय १२३पे आणलं. म्हणजे सोय केलेली आहे. मग एकदा मी एका बँकेत *९९#विषयी विचारलं, तर अधिकारी हसला. "मॅडम, ते आता कोण वापरतं?" सोय करायची, ती कुणाला सांगायची नाही, आणि मग म्हणायचं कुणी वापरत नाही. मेनू मधेच तुटतो, हे मी सांगते. दोनदा तुटला, तिसऱ्यांदा पैसे गेले. म्हणूनच महिन्यातून दोनदा ह्यांचा फोन मागितला. पण गॅस अजून फोन लावून नोंदवता येतो, विजेच्या बिलाचा एसएमएस येतो, एसटीत कंडक्टर रोख पैसे घेऊन अर्धं तिकीट फाडून देतो, आणि मंडईतली मावशी सुट्ट्या पैशांवरून माझ्यावर चिडते ती सगळ्यांवरच चिडते.

मला खरा राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. या देशात सरकारी, निमसरकारी, बँकेचं, शाळेचं काम करायचं तर हातात ॲप हवं, आणि ॲप म्हणजे अँड्रॉइड किंवा आयफोन. म्हणजे गूगलचं दुकान किंवा ॲपलचं. भारतीय नागरिकाला आपल्याच दारी जायला दोन अमेरिकन कंपन्यांच्या अंगणातून जावं लागतं, आणि याला आपण प्रगती म्हणून टाळ्या वाजवतो. एप्रिल २०२०ला आरोग्य सेतू आलं तेव्हाही आधी याच दोन फोनवर आलं. मे महिन्यात नोएडात तर स्मार्टफोन असून ते ॲप नसणं हाच दंडनीय अपराध ठरवला होता. विचार करा, माझा फोन स्मार्ट, पण त्यात ते ॲप बसूच शकत नाही. मी तिथे असते तर काय म्हणून उभी राहिले असते?

त्याच वर्षी शाळा फोनवर आल्या. मी लॅपटॉपवरून शिकवलं, आणि ग्रुपवरचे निरोप ह्यांच्या फोनवर बघितले. पण माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर सकाळीच कामावर जायचा. ती मुलं रात्री नऊ वाजता समीकरणं सोडवून पाठवत. त्यांना कुणी 'जुनाट' म्हटलं नाही, 'बिचारी' म्हटलं. फरक इतकाच की त्यांना पर्याय नव्हता आणि मला आहे. पण सेवा देणाऱ्यानं दार एकच ठेवलं की, बाहेर राहिलेल्यांत हट्टी कोण आणि नाइलाजाचा कोण, हे दाराला कळत नाही. माझा हट्ट आणि त्या मुलांचा नाइलाज एकाच टॉवरवर जगतो. मी टूजीवर बोलू शकते ती माझ्यामुळे नव्हे. देशात बटणवाले फोन वापरणारी कोट्यवधी माणसं आहेत म्हणून कंपन्यांनी थ्रीजी गुंडाळलं तरी टूजी ठेवलं. ते बंद करून देश 'टूजीमुक्त' करा, असं मुकेश अंबानी २०२०च्या जुलैमध्येच म्हणाले होते. मुक्त करायचं ते दारिद्र्यापासून, रोगराईपासून, असा माझा समज होता.

गतकातरतेचा आरोप लवकर निकालात काढते. मला या फोनविषयी हळवं काही वाटत नाही. त्याचा नकाशा मी २०१५मध्ये उतरवून ठेवला, तो इंटरनेटशिवाय आजही वाट दाखवतो, पण त्यात समृद्धी महामार्ग नाही. त्याच्या लेखी औरंगाबाद अजून औरंगाबाद आहे आणि अहमदनगर अहमदनगर. गेल्या वर्षी नागपूरकडे जाताना आमची गाडी त्या नकाशावर चांगली अर्धा तास कुणाच्या तरी शेतातून धावत होती. मी हसले आणि पाटी बघितली. जुनी वस्तू चांगलीच असते असं मानणाऱ्या घरात मी वाढलेली नाही. आमच्या आईनं मिक्सर आला त्या दिवशी पाटा मागच्या अंगणात नेऊन टाकला आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही. तिची मनगटं दुखायची. माझी दुखत नाहीत, म्हणून माझा पाटा आत आहे.

कचऱ्याचा मुद्दा मी मुद्दाम ताणत नाही, कारण त्यावर सगळेच माना डोलावतात आणि दिवाळीत नवा फोन घेतात. एवढंच सांगते की, फोनच्या आयुष्यातलं कार्बनचं ओझं बहुतांशी तो बनतानाच लादलेलं असतं. वापरून वाढतं ते थोडं. युरोपनं २० जून २०२५पासून नियम लावला की, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं दुरुस्त्या द्यायच्या. तो माझ्या लुमियाला लागला असता तर २०१७ला कुणी हात झटकू शकलं नसतं. आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाचं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल डिसेंबर २०२२मध्ये आलं. माझ्या ब्राउझरमध्ये ते उघडत नाही, हा भाग वेगळा.

मग सोडणार कधी? हा प्रश्न रास्त आहे आणि भाच्यानं तो विचारलाही. टूजी गेलं की सोडेन, कारण न बोलणारा फोन माझ्या गरजेचा नाही. ह्यांच्या फोनचे अकराचे एकवीस झाले, आणि त्यात बाळांचे व्हिडिओ नसले, तर सोडेन. तेव्हा मुकाट्यानं एखादा अँड्रॉइड घेईन आणि त्याच्यावरही अकरा वर्षं काढायचा प्रयत्न करेन, बॅटरी आत चिकटवलेली असली तरी. म्हणजे मी निकष सांगितले. 'मेलाय' म्हणणाऱ्यांकडे निकष नाहीत, जाहिराती आहेत.

बॅटरीवरून आठवलं. भाचा गेल्यावर दोन दिवसांनी फोनची पाठ जरा वर आल्यासारखी वाटली. उघडून बघितलं तर बॅटरी फुगायला लागलेली. साताऱ्याच्या राजपथावर माझ्या एका विद्यार्थ्याचं मोबाइलचं दुकान आहे. भूमितीत कच्चा होता, पण हात फार कुशल. त्यानं बॅटरी हातात घेतली, मागचा नंबर वाचला, आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा हातात धुळीनं माखलेलं एक खोकं होतं.

"बाई, पुण्याहूनही आता ही येत नाही. माझ्याकडं शेवटच्या दोनच राहिल्यात. किती वर्षं पडून आहेत कुणास ठाऊक, गॅरंटी नाही देणार. एक लावून देऊ?"

"दोन्ही दे," मी म्हटलं.